आधी घोडा तरी पाहा!

‘घोडे-कुत्री काढणारा’ एवढ्यावर माझी ओळख संपवण्याची आमच्या भागात पद्धत आहे. ओळख करून देणाऱ्याच्या मनात वाकडे काही नसते. उलट पुढच्याच वाक्यात तो कौतुकाने म्हणतो, “हात फार चांगला आहे हो यांचा. मनावर घेतले तर खरी चित्रेसुद्धा काढतील.” या ‘खऱ्या चित्रां’शी माझे भांडण आहे. गेली तीस वर्षे ते मी म्हसावदच्या ओट्यांवर, शहाद्याच्या चहाच्या टपऱ्यांवर आणि दोनचार वेळा पुण्यामुंबईच्या प्रदर्शनांत तोंडी भांडत आलो. आता या अंकाच्या संपादकांनी पाने देऊ केली आहेत, तेव्हा चकलीचा तुकडा मोडता मोडता वाचकांनीही ते ऐकून घ्यावे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. महाराष्ट्राने घोड्याला आणि कुत्र्याला देवाजवळ जागा दिली, राजाजवळ जागा दिली, पण त्यांच्याकडे डोळे उघडून कधी पाहिले नाही. आणि न पाहिल्याचे पाप चित्रकारांनी जितके केले, तितकेच चित्रे विकत घेणाऱ्या तुम्हीआम्ही केले आहे.

रागावण्याआधी एकदा आपल्या देव्हाऱ्यापाशी जा. खंडोबा ज्यांचे कुलदैवत आहे त्यांच्या घरी चांदीचा टाक असेल. बोटाच्या पेराहून जरा मोठा पत्रा. त्यावर खंडोबा घोड्यावर, शेजारी म्हाळसा, आणि घोड्याच्या पायाशी कुत्रा. आता लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री चिंच लावून हा टाक घासताना त्या कुत्र्याचे कान उभे आहेत की पडलेले, हे घरातल्या कितीजणांनी पाहिले आहे? पिढ्यान् पिढ्या घासून तो कुत्रा गुळगुळीत झाला तरी आपल्याला चुकल्यासारखे वाटत नाही. दत्ताचेही तेच. रविवर्म्यांचा छापखाना 1894 साली मुंबईत निघाला आणि रंगीत देव घरोघर गेले. त्यानंतर तसबिरी आल्या, दिनदर्शिका आल्या. दत्ताच्या पायाशी चार कुत्री, म्हणजे चार वेद, हे शेंबडे पोरही सांगेल. पण बाजारात मिळणाऱ्या बहुतेक तसबिरींत ही चारही कुत्री एकाच साच्यातून काढल्यासारखी असतात. चार वेद वेगवेगळे आहेत, मग कुत्री एकसारखी का? आपल्या गल्लीतली चार कुत्री कधी एकसारखी दिसली आहेत काय?

आता माझ्या प्रांताकडे येतो. म्हसावद हे सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. शहाद्याहून तोरणमाळला किंवा धडगावला जाणारी मंडळी आमच्या गावातून जातात आणि केळी-पपईच्या बागा पाहून ‘छान हिरवेगार आहे’ म्हणून पुढे सटकतात. त्यांनी उलट्या दिशेने, शहादा ओलांडून दक्षिणेला तापीकाठी जावे. तेथे सारंगखेडा आहे. एकमुखी दत्ताचे देऊळ आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला, तेथे यात्रा भरते, आणि त्या यात्रेतला घोडेबाजार देशभरात नावाजलेला आहे. राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेश, गुजरात, कोठून कोठून घोडे येतात. मारवाडी, काठेवाडी, पांढरा शुभ्र नुकरा, काळाभोर, अबलख, चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी. कोणी दात उघडून वय पाहतो, कोणी पाठीवर हात फिरवतो, कोणी रेवाल चाल पाहण्यासाठी मालकाला दहा वेळा पळायला लावतो. ज्या देवाच्या पायाशी कुत्री, त्याच्या यात्रेत घोडे! चित्रकाराला याहून मोठे विद्यापीठ कोठे मिळणार? पण तीस वर्षांत तेथे वही घेऊन बसलेले चित्रकलेचे विद्यार्थी मला बोटांवर मोजण्याइतकेच दिसले. मोबाइलवर फोटो काढणारे मात्र हजारो. त्यातही घोड्यापुढे स्वतःचे तोंड.

मला पुष्कळदा सांगण्यात येते की प्राण्यांची चित्रे ही कलेची खालची पायरी. देवादिकांची चित्रे वर, मग इतिहास, मग माणसांची व्यक्तिचित्रे, मग निसर्ग, आणि तळाशी आम्ही. ही उतरंड आपली नाहीच. ती युरोपातल्या अकादम्यांनी रचली, आणि आपण इंग्रजांच्या कलाशाळांबरोबर ती घेतली. गंमत अशी की ज्यांनी ती रचली त्यांच्याच देशांतल्या माणसांनी ती मोडून काढली. इंग्लंडात जॉर्ज स्टब्ज नावाचा चित्रकार होऊन गेला, 1724 साली जन्मलेला. लिंकनशायरमधल्या एका खेड्यातल्या घरात त्याने दीड वर्ष मेलेले घोडे टांगून एकेक थर सोलत त्यांची चित्रे काढली. तो वास, ती माश्यांची भुणभुण डोळ्यांसमोर आणा! त्यातून 1766 साली घोड्याच्या शरीररचनेवरचा त्याचा ग्रंथ निघाला. त्याने एका घोड्याचे जवळजवळ खऱ्या मापाचे चित्रही काढले. त्यात स्वार नाही, झाड नाही, आकाश नाही, नुसता घोडा. स्टब्जला जन्मभर ‘घोडेचित्रकार’ म्हणून हिणवले गेले. ते चित्र लंडनच्या राष्ट्रीय कलादालनाने 1997 साली कोट्यवधी रुपये मोजून घेतले.

आणि रोझा बोनर! आमच्या सारंगखेड्याला तिचे नाव कोणी सांगितले नाही याची मला चुटपुट आहे. ही फ्रेंच बाई 1851पासून पॅरिसच्या घोडेबाजारात आठवड्यातून दोनदा जाऊन बसायची. दीड वर्ष हा क्रम. बाजार पुरुषांचा, शिव्यागाळींचा, लाथांचा. म्हणून तिने पुरुषी पोशाख केला, आणि बाईने पुरुषी पोशाख करायला पोलिसांची परवानगी लागे, तर तीही काढली. मग साडेसोळा फूट लांब आणि आठ फूट उंच चित्र रंगवले: ‘घोडेबाजार’. आज ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्या चित्रात घोडे कोणाचे वाहन नाहीत, कशाचे प्रतीक नाहीत. ते घोडे आहेत, आणि त्यांना आवरता आवरता माणसांची त्रेधा उडाली आहे.

‘ते गोरे लोक, त्यांची गोष्ट वेगळी,’ असे कोणी म्हणू नये. आपल्याही घरात असा माणूस होता. पुण्याच्या दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्याकडे गंगाराम तांबट नावाचा चित्रकार होता. त्याने वेरूळची लेणी रेखाटली, पहिलवान रेखाटले, आणि 1790 साली पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा रेखाटला. शनिवारवाड्याच्या सावलीतला हा तांबट गेंड्याच्या कातडीच्या घड्या मोजत बसला होता! त्याची चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. पेशवाईवर आपण किती कादंबऱ्या लिहिल्या, किती नाटके रंगवली, नथ केवढी आणि पगडी कोणती यावर किती शाई सांडली! गंगारामचे नाव शाळेतल्या किती मुलांना ठाऊक आहे?

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो, आणि येथे मला थोडे कडू बोलावे लागणार आहे.

आपल्याकडे ‘जोरदार’ घोडा म्हणजे कोणता? दिनदर्शिकेवरचा, चौकातल्या कमानीवरचा, ट्रकच्या फळीवरचा, पुस्तकाच्या वेष्टनावरचा आठवून पाहा. पुढचे दोन पाय हवेत. तोंड वासलेले, दात बाहेर. कान मागे पडलेले. डोळ्यांतले पांढरे दिसते आहे. याला आपण वीरश्री म्हणतो. घोड्यांत राहिलेल्या कोणत्याही मोतद्दाराला हे चित्र दाखवा. तो म्हणेल, “याला लागतंय कुठंतरी.” घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, तो घेतो तो फक्त नाकाने. कुत्रा जीभ काढून धापा टाकतो तसा घोडा टाकत नाही. म्हणून घोड्याने तोंड वासले असेल तर तो दमलेला नाही आणि गर्जनाही करत नाही. लगामाची कडी त्याच्या जबड्यात रुतते आहे आणि तो तिच्यापासून तोंड सोडवू पाहतो आहे. कान मागे पडणे हा राग किंवा वेदना. डोळ्याचे पांढरे दिसणे ही बहुधा भीती. म्हणजे ज्याला आपण शौर्याचे चित्र म्हणून दिवाणखान्यात लावले, ते एका घाबरलेल्या जनावराचे चित्र आहे. आणि ज्या राजाची स्तुती करण्यासाठी ते काढले, त्याला आपण नकळत आडदांड स्वार ठरवले! चांगल्या स्वाराच्या हाताखाली घोडा तोंड मिटून चालतो, हे ज्याने एकदा पाहिले आहे त्याच्या हातून असले चित्र निघणार नाही.

हा केवळ रुचीचा प्रश्न असता तर मी दिवाळीच्या दिवसांत तुमचा फराळ कडू केला नसता. पण चित्रे नजर घडवतात. वरातीत ताशाच्या कानठळ्यांत नाचवला जाणारा घोडा पाहा. तोंड वासलेले, कान मागे, डोळा पांढरा. अगदी तेच चित्र. आणि भोवतालची मंडळी नोटा ओवाळत असतात, कारण लहानपणापासून त्यांना हेच ‘घोडा रंगात आला’ म्हणून दाखवलेले आहे. जनावराचे दुखणे ओळखायला शिकवणारी चित्रे आपण काढली असती, तर निदान दहातल्या दोघांनी ताशेवाल्याला जरा लांब उभे केले असते.

पुतळ्यांविषयीही एक समजूत सर्वत्र पसरली आहे. घोड्याचा एक पाय वर असेल तर स्वार जखमी होऊन वारला, दोन वर असतील तर रणात पडला, चारही जमिनीवर असतील तर अंथरुणात. जगभरच्या पुतळ्यांशी ताडून पाहिले तर हा नियम जागोजागी कोसळतो. पाय किती उचलायचे हे शिल्पकाराच्या मनातली चाल आणि धातूचे वजन ठरवतात. मागच्या दोन पायांवर घोडा तोलणे हे किती अवघड काम! माद्रिदचा चौथ्या फिलिपचा पुतळा 1640 साली तसा उभा राहिला, तेव्हा तोल साधायला शेपटीचाही आधार घ्यावा लागला, आणि वजनाच्या गणितासाठी गॅलिलिओचा सल्ला घेतल्याचे सांगतात. आपल्याकडे विनायकराव करमरकरांनी पुण्याचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा केला. 1928 साली त्याचे अनावरण झाले. एवढा प्रचंड पुतळा माझगावच्या गोदीत एकसंध ओतला, ही हकिगत सगळे सांगतात, आणि ती सांगण्यासारखीच आहे. पण त्यातला घोडा घोडा म्हणून कसा उतरला आहे, मान कशी धरली आहे, खांद्याचे स्नायू कसे चढले आहेत, यावर एक परिच्छेद कोणी लिहिलेला माझ्या वाचनात नाही. रायगडावरच्या वाघ्याचा वाद 2025 साली पुन्हा पेटला. तो वाद पुराव्याचा आहे. इतिहासाच्या अभ्यासकांनीच त्याचा निकाल लावावा. मी एवढेच पाहिले की दोन्ही बाजूंनी रकाने भरून लिहिणाऱ्यांना तो कुत्रा शिल्प म्हणून बरा आहे की वाईट, हा प्रश्न सुचलादेखील नाही.

येथे कोणीतरी हमखास हुसेनचे नाव घेतो. पंढरपूरला जन्मलेले, मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरलेले आणि घोड्यांमुळे जगभर ओळखले गेलेले हुसेन. ‘बघा, घोडे काढून त्यांनी कोट्यवधी मिळवले!’ माझे सांत्वन करण्याचा हा एक प्रकार आहे. हुसेनचे घोडे मला आवडतात. त्यांत वारा आहे. पण किमतीनेच बोलायचे तर 2025च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ज्या चित्राला सुमारे 1 कोटी 38 लाख डॉलर आले, ते त्यांचे 1954चे ‘ग्रामयात्रा’, खेड्यातल्या साध्या जगण्याचे. तेव्हा किमतीचा दाखला माझ्याही कामाचा नाही आणि तुमच्याही. शिवाय हुसेनचा घोडा कोणा एका मालकाचा, एका तबेल्यातला घोडा नव्हे. तसे तर सातपुड्यापलीकडे, नर्मदेच्या पार, राठवांच्या घरातल्या पिठोऱ्याच्या भिंतीवरचे घोडेही कोणा एकाचे नसतात. ते देवांचे घोडे. नवस फेडायला लखारा ते भिंतीवर आणतो. त्यांना ‘प्रमाणात नाहीत’ म्हणणारे शहाणे मला भेटले आहेत आणि सोफ्याच्या रंगाला जुळतात म्हणून त्यांची छापील नक्कल घेणारेही. दोघांनीही ती भिंत पाहिलेली नसते. मी करतो ते काम निराळे: हाच घोडा, याच मालकाचा, याच वयाचा, याच खोडीचा.

आणि येथेच खरी कसोटी लागते. सारंगखेड्याच्या बाजारासाठी घोडीचे मोठे चित्र हवे म्हणून काही वर्षांपूर्वी एक व्यापारी माझ्याकडे आला. घोडी देखणी. पण अशुभ मानतात अशा जागी तिच्या अंगावर केसांचा भोवरा. घोडेबाजारात भोवऱ्यांचे शास्त्र केवढे मोठे आहे हे जाणकारांना सांगायला नको. गळ्याखालचे देवमण दिसले की भाव चढतो. भोवरा वाईट जागी निघाला की लाखाची घोडी हजारावर येते.

“पेंटर, तेवढा भोवरा सोडून द्या,” तो म्हणाला. “चित्रात कोण मोजतंय?”

“भाऊ, तो काढला तर ही तुमची घोडी राहत नाही,” मी म्हणालो. “दुसरीच कोणीतरी होते.”

“मग जरा केसांची बट टाका त्यावर.”

मी नाही म्हटले. तो काही रागावला नाही. शहरात जाऊन फ्लेक्सवाल्याकडून दोन मिनिटांत भोवरा पुसून घेतला. माझे त्या महिन्याचे पैसे बुडाले. पण भोवऱ्याची गंमत ऐका. भोवरा म्हणजे केसांनी घेतलेले वळण. त्याने कोणाचे घर बुडत नाही की तरत नाही. परदेशांत घोड्याचे ओळखपत्र करतात तेव्हा आकृतीवर त्याचे भोवरे नेमक्या जागी मांडतात, कारण माणसाच्या बोटांच्या ठशांसारखी ती त्याची ओळख. आपण ज्याला अपशकुन म्हणून पुसतो, ते तिकडे नाव म्हणून लिहितात. आता तर चित्रे करणारी यंत्रेही आली आहेत. हवा तसा निर्दोष घोडा ती क्षणात काढून देतात. चालेल. पण त्या घोड्याला विकत घेऊन कोणी दाणा घालून दाखवावा.

एक आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेत नाही. आमच्या जिल्ह्यातल्या एका कार्यकर्त्या ताईंनी तो घेतला. ‘दादा, नंदुरबारचे नाव कुपोषणासाठी पेपरात येते, आणि तुम्ही श्रीमंतांचे घोडे रंगवता?’ प्रश्न रास्त आहे. नुकऱ्याच्या मालकाला माझ्या चित्राची गरज नाही, हेही खरे. मी त्यांना काही उत्तर दिले नाही, माझी वही दिली. तिच्यात सर्वांत जास्त पाने ठेलारींची आहेत. पावसाळा सरला की आमच्या खानदेशातून मेंढ्यांचे कळप घेऊन ही माणसे रानोमाळ निघतात. सगळा संसार तट्टावर: भांडी, घोंगड्या, वर बांधलेल्या कोंबड्या, कधी त्यांच्यामध्ये बसवलेले लेकरू. या तट्टाला रेवाल चाल नाही, त्याला स्पर्धेत कोणी उतरवत नाही. बरगड्या मोजता येतात, पाठीवर खोगिराने घासलेले चट्टे. कळपाच्या कडेने कुत्री. रात्रभर लांडग्या-तरसाच्या वासावर जागी. त्या तट्टाचे चट्टे नेमके काढायचे तर ओझे किती आहे हे कळावे लागते. ओझे काढायचे तर ते बांधणाऱ्या बाईचे हात काढावे लागतात. ताईंनी वही अर्धा तास पाहिली. शेवटी म्हणाल्या, “या बाईची टाच भेगाळली आहे ती बरोबर काढलीत.” त्यावर आमचे भांडण मिटले असे नाही, पण ‘खरी चित्रे काढा’ असे त्या पुन्हा म्हणाल्या नाहीत.

कुत्र्याची उपेक्षा तर घोड्याहून मोठी. मुधोळचा कुत्रा 2005 साली टपाल तिकिटावर आला एवढाच काय तो सन्मान. गावठी कुत्र्याचे चित्र काढून द्या म्हणून माझ्याकडे आजवर तिघेच आले. तिघेही शेतकरी, तिघांचाही कुत्रा म्हातारा झालेला. जातिवंत विलायती कुत्र्यांचे मालक फोटो पाठवतात आणि गळ्यातला पट्टा नवा दाखवा म्हणतात. आपल्या शेजारी नेपाळात दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी कुत्र्याला झेंडूची माळ घालतात, टिळा लावतात, गोडधोड देतात. आपण त्याच दिवसांत त्याच्या शेपटीला फटाक्यांची माळ बांधणारी पोरे वाढवतो. वसुबारसेला गाय, पोळ्याला बैल, दसऱ्याला घोडा. कुत्र्याचा वार आपल्या पंचांगात मला सापडला नाही. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावरही नाही. पणती घेतलेल्या सुंदरी मी शेकड्यांनी पाहिल्या, पणतीपाशी झोपलेला कुत्रा एकही नाही, आणि घरोघरी तो तेथेच झोपतो! संपादकांनी हे वाक्य कापू नये.

माझी मागणी मोठी नाही. कलाशाळांनी वर्षातून चार दिवस मुलांना सारंगखेड्याला आणावे. फोटोवरून नव्हे, समोर बसून काढायला लावावे. घोडा हलेल, चित्र बिघडेल, बिघडू द्यावे. एडवर्ड माइब्रिजने 1878 साली ओळीने कॅमेरे मांडून धावत्या घोड्याची छायाचित्रे घेतली तेव्हा जगाला कळले की चारही खूर जमिनीवरून उचलतात ते पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. पुढेमागे ताणलेले असताना नव्हे. तोवर भलेभले चित्रकार शतकानुशतके उडते घोडे चुकीचेच काढत आले होते. त्यांना निदान कॅमेरा नव्हता.

पालकांनीही यावे. मुलांना उंटाच्या गाडीत आणि आकाशपाळण्यात बसवून झाल्यावर तासभर घोड्यांकडे आणावे. मात्र सकाळी आठच्या आत. तेव्हा खरारा चाललेला असतो, घोडे दाणा खात असतात, कान सैल असतात आणि तोंडे मिटलेली. दहानंतर ताशे सुरू होतात.